वळणावरचा फलाट

समजा, तुम्ही एका लांबलचक टेबलापाशी उभे आहात. हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकवा. एक डोळा मिटा. आता समोर बघा. टेबल दिसेनासं झालं ना? दिसतात ते रूळ. रुळांखाली करड्या खडीचा भराव, पुढे वळणावर एक फलाट, फलाटावर पिवळा फलक. आणि त्या टोकाकडून एक काळं इंजिन तुमच्या दिशेने येतंय. मागे तपकिरी डबा. चाकं फिरताना दिसताहेत, खिडकीतला माणूसही दिसतोय. तुम्ही आता कुणाच्याही खिशात मावाल एवढे झाला आहात आणि ती गाडी अगदी खरी आहे.

तेजल सुरवसे तासन्‌तास अशीच वाकून तिचा डबा बघायची. मी म्हणायचे, "अगं, मानेला लचक भरेल." ती म्हणायची, "बाई, थांबा की. गाडी येऊ द्या आधी."

ही गोष्ट तेजलची आहे. खूप वर्षं झाली तिला. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. पुण्याच्या भाच्याने घर बदलताना त्याच्या मुलांचे प्लास्टिकचे ठोकळे पोतंभर माझ्याकडे पाठवून दिले. एकावर एक दाबून बसवायचे असतात ना, वर गुंड्या असलेले, तेच. कुर्डुवाडीच्या माझ्या घरात दर रविवारी गल्लीतली पोरं जमायला लागली. आधी घरं झाली, मग किल्ले झाले, आणि मग कुणाच्या तरी आजोबांनी छोट्या गाडीची गोष्ट सांगितली. आमच्या गावातून पूर्वी अरुंद रुळांवरची छोटी गाडी जायची. या पोरांनी ती पाहिलेली नव्हती. पण ती करायचीच, आणि हुबेहूब करायची, असं त्यांच्या डोक्यात बसलं.

किल्लेवाले हळूहळू गळाले. उरली ती खरी वेडी.

आमचे नियम साधे होते. गोंद लावायचा नाही, ठोकळा कापायचा नाही, रंग फासायचा नाही. आहे त्या तुकड्यांतूनच खरं दिसलं पाहिजे. दरवाजाची कडी हवी असेल तर पोतं उपसायचं आणि कडीसारखं दिसणारं काहीतरी शोधायचं. तेजलला एकदा दिव्यासाठी हवा तसा तुकडा सापडला तो खेळण्यातल्या आइस्क्रीमचा कोन होता. उलटा लावला, आणि शपथ सांगते, कंदीलच झाला.

आणि एक नियम पासिंगचा. रुळांवर ठोकळ्यांचीच एक अरुंद कमान उभी करायची. प्रत्येक इंजिन, प्रत्येक डबा त्या कमानीतून न घासता जायला हवा, मग सगळ्या वळणांवरून एक फेरी. हे झालं की गाडी पास. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही. एक गुंडी जरी वाढवली तरी पुन्हा पासिंग.

तुम्हाला वाटेल, एवढी कडक शिस्त कशाला? ताटात एक लांब पट्टी ठेवून बघा. तिची दोन्ही टोकं गोल कडेला टेकतात, आणि मधला भाग कडेपासून दूर, आत येतो. लांब डबा वळणावर जातो तेव्हा त्याचं पोट असंच आतल्या बाजूला येतं. सरळ रुळांवर फलाटापासून बोटभर लांब राहणारा डबा वळणावर त्याच फलाटाला घासतो. आमचा फलाट वळणावर होता, तोही आतल्या बाजूला.

त्यावरून तेजलचं आणि आमचं भांडण झालं होतं.

"फुटबोर्ड नसेल तर तो डबा नाही बाई, खोकं आहे," ती म्हणाली होती. दारांखाली लांबच्या लांब फळी असते ना, पाय ठेवून चढायला, ती तिला हवी होती.

"फलाटाला घासतो गं तो. बघितलंस ना तू?"

"मग फलाट मागे घ्या."

"फलाट एवढा मागे घेतला तर मधल्या फटीत म्हैस पडेल," पुष्कर म्हणाला, आणि सगळी पोरं हसली. तेजलही हसली, पण ओठ चावून. फुटबोर्ड काढले गेले.

हा पुष्कर बागल गाडी चालवायचा. रुळांना वीज देणारी पेटी होती आमच्याकडे, तिच्यावर एक गोल बटण. मुलं त्याला हँडल म्हणायची. हँडल कुणाला द्यायचं याची परीक्षा मुलांनीच ठरवली होती. डब्याच्या टपावर एक फुटाणा ठेवायचा आणि फुटाणा न पाडता गाडी सुरू करून थांबवायची. पुष्करशिवाय कुणाला जमलं नाही. घरी तो तिसरा मुलगा, शाळेत मागच्या बाकावर, क्रिकेटमध्ये बारावा. हँडल हाती आलं की मात्र त्याची पाठ ताठ व्हायची. आणि मुलांनी केलेला आणखी एक नियम होता. ज्याच्या हातून गाडी पडेल, त्याला वर्षभर हँडल नाही.

त्या वर्षी सोलापुरात अशा मॉडेलांचं प्रदर्शन भरलं. एका शाळेच्या सभागृहात. आम्ही गोधड्यांत गुंडाळून सगळं नेलं. सकाळी संयोजकांनी, येमूल सरांनी, स्वतः कमान लावून आमचं पासिंग केलं. गाडी फिरली. काही घासलं नाही, काही डुगडुगलं नाही.

"झकास!" येमूल सर म्हणाले. "आता दुपारी पाहुणे आले की चालवायची. तोवर हात नाही लावायचा कुणी. काय?"

"हो सर," सगळे एका सुरात ओरडले.

दुपारी भाकरी आणि शेंगांची चटणी सोडून बसलो होतो, तर सोलापूरच्या गटातला मल्हार नावाचा मुलगा आमच्या टेबलाभोवती घिरट्या घालू लागला. त्याची स्वतःची मालगाडी खरंच सुंदर होती, आणि ते त्याला माहीत होतं.

"हा डबा कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा," तेजल म्हणाली.

"मस्त आहे. पण माणसं चढतात कशी यात?"

"म्हणजे?"

"छोट्या गाडीला फुटबोर्ड असायचा. माझ्या आजोबांकडे फोटो आहे. तुमच्या कुर्डुवाडीची माणसं काय उडी मारून चढतात? का शिडी घेऊन फिरतात?"

त्याच्याबरोबरची पोरं खिदळली. पुष्कर म्हणाला, "वळणावर घासतो रे तो, म्हणून नाही लावला."

"आमचे नाही घासत," मल्हार म्हणाला आणि निघून गेला.

तेजलने भाकरी अर्धी ठेवली. मी म्हटलं, "लक्ष नको देऊस. जेव." ती म्हणाली, "झालं माझं," आणि हात धुवायला गेली. मी जेवणाचे डबे घासून घ्यायला नळावर गेले. परतले तेव्हा ती टेबलापाशी उभी होती, पाठमोरी. मला वाटलं, बघतेय नेहमीसारखी.

पाहुणे आले. शाळेची पोरं टेबलाभोवती दाटीवाटीने उभी राहिली. पुष्करने शर्टाला हात पुसले आणि हँडल धरलं. गाडी अलगद निघाली. काळं इंजिन, मागे डबा, त्यामागे आणखी दोन. पूल ओलांडला, बोगद्यातून बाहेर आली.

"पळव! पळव!" पोरं ओरडायला लागली.

"हळू रे," येमूल सर लांबून म्हणाले.

पुष्करने हँडल किंचित पुढे फिरवलं. मी ते पाहिलं, येमूल सरांनी पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. गाडी वळणावर आली, फलाटाशी पोहोचली, आणि खट्‌ असा आवाज आला. तेजलचा डबा बाहेरच्या बाजूला कलला, त्याने इंजिनाला ओढलं, आणि अख्खी गाडी टेबलावरून खाली शहाबादी फरशीवर गेली.

वर्षभर जमवलेलं इंजिन होतं ते. त्याचे तुकडे खुर्च्यांखाली, पाहुण्यांच्या चपलांखाली, दाराबाहेरपर्यंत घरंगळले.

"अरे, किती जोरात!" येमूल सर धावत आले. "हळू म्हणून ओरडत होतो ना मी?"

"एक्स्प्रेस समजला काय!" मल्हार म्हणाला.

पुष्करने हँडलवरचा हात काढला. मग दोन्ही हात पाठीमागे नेले, जणू ते कुणाला दिसायला नको होते.

तेजल सगळ्यांच्या आधी खाली वाकली. तिने तिचा डबा उचलला आणि क्षणात टॉवेलमध्ये गुंडाळला. कुणी म्हणालं, "बघू, किती मोडलाय?" तर तिने तो छातीशी धरला. सगळ्यांना वाटलं, पोरीला रडू येतंय.

मी गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागले. इंजिनाचे काळे होते, खडीचे करडे. उठताना टेबलावर नजर गेली. फलाटाच्या कडेला, दोन करड्या ठोकळ्यांच्या फटीत, एक तपकिरी पट्टी अडकलेली होती. लांब, चपटी. आमच्या फलाटात तपकिरी रंग कुठेच नव्हता. मी ती ओढून काढली, तळहातावर फिरवली, आणि ओळखली.

मान वर केली तर तेजल माझ्याकडेच बघत होती. तिने लगेच नजर टॉवेलवर नेली.

ती पट्टी मी पदराच्या गाठीत बांधली.

पुढचा वेळ फार वाईट गेला. येमूल सरांच्या बायकोने, येमूलबाईंनी, तेजलला जवळ घेतलं. "बिचारी गं. वर्षाची मेहनत. घे, पेढा खा." तेजलने पेढा घेतला आणि तसाच मुठीत धरून ठेवला. दोघी-तिघी बायका हळहळल्या. एक गृहस्थ पुष्करच्या अंगावरून जाताना म्हणाले, "यांच्या हातात यंत्र द्यायलाच नको." पुष्करने ऐकलं. तो कोपऱ्यात जाऊन रिकाम्या खोक्यांना चिकटपट्टी लावत बसला. खोकी चांगलीच होती, चिकटपट्टीची काही गरज नव्हती.

थोड्या वेळाने तो उठला आणि तेजलजवळ गेला. मी मागच्याच खुर्चीवर होते.

"तेजल."

"काय?"

"मी वाढवला होता वेग. ती पोरं ओरडत होती ना, म्हणून. चिमूटभरच वाढवला, पण वाढवला."

तिने टॉवेल आणखी घट्ट धरला.

"तुझा डबा मी करून देतो. सगळा. तू नुसतं सांग, कुठला ठोकळा कुठे. दिवाळीच्या सुट्टीत देतो."

"नको."

"रागावलीस?"

"पुष्कर, जा ना तू इथनं."

त्याचा चेहरा पडला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, हँडल आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी खोकी भरत जाईन. खोकी भरायला नियम नाही ना काही?"

"नाही रे बाळा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

तेजल बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी टेकले. मैदानात दोन मुलं सायकल शिकत होती. त्यांच्याकडे बघत आम्ही दोघी बसलो.

"बाई, मी आधी घरी जाऊ?"

"एकटी कशी जाशील? आपली गाडी संध्याकाळची."

"तुम्ही पुष्करला रागावणार का?"

"मी कशाला रागावू?"

"मग बाकीचे?"

"बाकीचे रागावून झालेत."

तिने टॉवेलचा एक दोरा ओढला. तो निघेचना. "नियम बदलता येतो का? वर्षाचा?"

"नियम तुमचा. तुम्ही ठरवा. पण बदलायचा तर कारण द्यावं लागेल ना सगळ्यांना."

तिने तो दोरा पुन्हा ओढला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पेढ्याचं तूप तिच्या बोटांवरून ओघळत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

मुलांनो, शिकवणाऱ्या माणसाला एक मोह सतत होत असतो, उत्तर सांगून टाकायचा. पदराची गाठ सोडली असती की काम भागलं असतं. पण मग तेजल पकडली गेली असती, एवढंच. आणि गाठ न सोडावी, तर आत तो मुलगा रिकाम्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होता. मी थांबले होते त्याच्या जिवावर. हे कळत होतं, म्हणून मलाही त्या पायऱ्यांवर मान वर करवेना. मी मनाशी ठरवलं, बक्षिसं संपायच्या आत ती बोलली नाही तर मी बोलेन.

"चल, हात धू," एवढंच म्हटलं आणि आत गेले.

बक्षीस समारंभ सुरू झाला. मल्हारच्या मालगाडीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते योग्यच होतं. मग येमूल सरांनी माइकवर घसा खाकरला.

"आता एक विशेष कौतुक. कुर्डुवाडीच्या गटाचा आज अपघात झाला. चालवणाऱ्याची चूक झाली, लहान आहे, शिकेल. पण त्या मुलीचा डबा! सकाळी मी जवळून पाहिलाय. खऱ्या डब्यात आणि त्यात फरक नव्हता. कुमारी तेजल सुरवसे, या बेटा, वर या."

टाळ्या झाल्या. पुष्करनेही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

तेजल उठली. हातात टॉवेलची गुंडाळी. व्यासपीठाच्या पायरीपर्यंत गेली, आणि तिथून वळली. सरळ आमच्या टेबलापाशी आली.

"अगं, इकडे, इकडे," येमूल सर हसत म्हणाले.

तिने टॉवेल उलगडला. डब्याचं एक टोक निखळलं होतं, बाकी तो शाबूत होता. पलीकडच्या अंगाला दारांखाली तपकिरी फुटबोर्ड होता. अलीकडच्या अंगाला अर्धाच होता, पुढे नुसत्या गुंड्या. तिने माझ्यापुढे हात केला.

"बाई, द्या."

मी गाठ सोडली. तिने पट्टी जागेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. टिक्‌ करून बसली. इंजिनाचा सांगाडा आम्ही परत टेबलावर ठेवला होता, नुसती मोटर आणि चाकं. तिने डबा त्याला जोडला आणि रुळांवर उभा केला. चाकं बसायला वेळ लागला.

"पुष्कर, ये."

तो जागचा हलला नाही. "मी नाही."

"ये म्हणते ना."

"तेजल, नियम आहे."

"चालव. एकदम हळू. तुला जमते तेवढी हळू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो आला, शर्टाला हात पुसले, आणि हँडलला दोन बोटं लावली. लोक खुर्च्या सरकवून जवळ येऊ लागले. येमूल सर माइक हातात घेऊनच खाली उतरले.

गाडी निघाली. मुंगी चालावी तशी. बघणारं एक लहान मूल कंटाळून म्हणालं, "चाललीय का ती?" पूल आला, गेला. बोगदा आला, गेला. वळण लागलं. डब्याचं पोट हळूहळू आत सरकायला लागलं, फुटबोर्ड फलाटाच्या जवळ, आणखी जवळ आला, आणि टेकला.

मोटर घुरघुरली. डबा पुढे जाईना. मग त्याची फलाटाकडची चाकं रुळांवरून थोडी उचलली गेली.

"अरे, घासतोय तो!" मल्हार म्हणाला.

"सकाळी नव्हते हे," येमूल सर हळूच म्हणाले. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या सभागृहाने ऐकलं.

"जेवणानंतर लावले मी," तेजल म्हणाली. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "पासिंग झाल्यावर. कुणाला न सांगता."

डबा कलायला लागला. पुष्करचा हात आपोआप हँडल बंद करायला वळला. तेजलने वरून त्याचा हात घट्ट धरला.

"थांबवू नकोस," ती म्हणाली. "पडू दे."